वजनकाट्याला न दिसलेला हायड्रोजन

फोन आला तेव्हा मी पिकलिंगच्या, म्हणजे पोलादावरची खपली ॲसिडाने काढण्याच्या, टाकीतील ॲसिडाचे सकाळचे टायट्रेशन, म्हणजे तीव्रतेची मोजणी, करीत होते. पलीकडून ग्राहकाच्या जोडणी विभागातील अभियंता बोलत होते. आदल्या संध्याकाळी टॉर्क रेंचने ठरल्या मापात आवळलेल्या बोल्टांपैकी तिघांची डोकी सकाळी यंत्राखाली जमिनीवर पडलेली सापडली, असे त्यांनी सांगितले. आवळताना एकही बोल्ट तुटला नव्हता, रात्रभर यंत्र बंद होते आणि त्याला कोणाचा हातही लागला नव्हता. बोल्ट १२.९ प्रतीचे, म्हणजे किमान १२२० मेगापास्कल ताणबलाचे होते आणि त्यांच्यावरचा जस्ताचा मुलामा आमच्या विभागात चढवलेला होता. “मॅडम, पोलादातच दोष असेल असं आम्हाला आधी वाटलं, पण त्याच लॉटमधले मुलामा न दिलेले बोल्ट अजून घट्ट उभे आहेत,” असे ते शेवटी म्हणाले. त्या एका वाक्याने दोषाचा रोख उष्णता-प्रक्रियेच्या भट्टीवरून आमच्या टाक्यांकडे वळला, आणि तो योग्य ठिकाणी वळला आहे हे मला फोन ठेवण्यापूर्वीच जाणवले होते.

तुटलेले तुकडे दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आले. जास्त ताणामुळे तुटलेला बोल्ट मी अनेकदा पाहिला होता. त्याची मान आधी बारीक होते, तुटलेली जागा करडी आणि फाटल्यासारखी दिसते, कडेला धातूचा पातळ ओठ उभा राहतो. येथे तसे काहीच नव्हते. डोके आणि दांडा जिथे मिळतात त्या गळ्याशी सरळ आडवा तडा गेला होता, व्यास जराही घटला नव्हता, आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले तर जोड बोटाला लागू नये इतके ते तंतोतंत बसत होते. दहापट भिंगाखाली एका कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा पट्टा दिसला. खडीसाखर फोडल्यावर तिचे पैलू जसे वेगवेगळे लकाकतात तसा तो रवाळ होता. उरलेला भाग मात्र करडा आणि तंतुमय होता. तडा त्या चंद्रकोरीत हळूहळू, तासातासाने सरकत गेला होता आणि शिल्लक राहिलेल्या धातूला भार पेलवेना तेव्हा बाकीचा भाग एका झटक्यात सुटला होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या छायाचित्रांनी हेच दाखवले. रवाळ पट्ट्यात तडा धातूच्या कणांच्या सीमारेषांवरून गेला होता, कणांना भेदून गेला नव्हता. हायड्रोजनमुळे येणाऱ्या ठिसूळपणाची कठीण पोलादातील ही ओळखीची खूण आहे.

त्या वेळी पिकलिंगचा विभाग सांभाळून मला अकरा वर्षे झाली होती आणि इन्हिबिटर, म्हणजे ॲसिडापासून धातू वाचवणारा पदार्थ, हा माझा जिव्हाळ्याचा विषय होता. तो का, हे समजण्यासाठी टाकीत काय घडते ते थोडे सांगावे लागेल. तापलेल्या पोलादावर हवेमुळे जी खपली, म्हणजे स्केल, बसते ती एकजिनसी नसते. तापमान ५७० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असेल तर तिच्यात लोखंडाच्या ऑक्साइडांचे तीन थर असतात. सर्वांत बाहेर हेमाटाइट, मध्ये मॅग्नेटाइट आणि धातूला चिकटून वुस्टाइट. बाहेरचे दोन थर ॲसिडात फार सावकाश विरघळतात. ॲसिड त्यांच्या भेगांतून आत शिरते, खालचा वुस्टाइट आणि त्यालगतचे थोडे लोखंड विरघळवते, आणि तेथे सुटणारा हायड्रोजन वायू खपलीला खालून ढकलून उचलतो. याचा अर्थ, खपली निघण्यासाठी थोडी धातू विरघळणे भागच असते. अडचण नंतर सुरू होते. जिथली खपली आधी निघाली तिथे उघडे पोलाद ॲसिडासमोर येते आणि उरलेली खपली निघेपर्यंत ते विनाकारण खाल्ले जाते. पृष्ठभाग खडबडीत होतो, आट्यांच्या धारा बोथट होतात, ॲसिड वाया जाते आणि वाफांनी विभागातील माणसांचे डोळे चुरचुरतात.

इन्हिबिटर या मधल्या टप्प्यात कामाला येतो. अमाइन, चतुर्थक अमोनियम क्षार, प्रोपार्जिल अल्कोहोल, हेक्सामाइन, थायोयुरिया आणि त्याची संयुगे असे पदार्थ ॲसिडात अगदी थोड्या प्रमाणात मिसळले की त्यांचे रेणू उघड्या धातूवर जाऊन बसतात. त्यांच्यातील नायट्रोजन, गंधक किंवा तिहेरी बंधाचा भाग लोखंडाला धरून राहतो आणि उरलेली शेपटी ॲसिडाला दूर ठेवते. ऑक्साइडवर त्यांची अशी पकड बसत नाही, म्हणून खपली विरघळत राहते आणि धातू वाचते. हे सर्व मी नुसते वाचलेले नव्हते, दर आठवड्याला तोलत होते. पोलादाच्या एकाच पत्र्यातून कापलेले तुकडे घासून, धुऊन, वाळवून मी मिलिग्रॅमपर्यंत तोलायचे, काही साध्या ॲसिडात आणि काही इन्हिबिटर घातलेल्या ॲसिडात ठरावीक वेळ ठेवायचे, आणि पुन्हा तोलायचे. वजनातील घट किती टक्क्यांनी कमी झाली ती इन्हिबिटरची कार्यक्षमता. बोल्ट तुटण्यापूर्वी दीड-दोन महिने आम्ही थायोयुरियाच्या वर्गातील नवा इन्हिबिटर घेतला होता आणि त्याचा आकडा माझ्या वहीत ९७ टक्क्यांच्या पुढे गेला होता. ॲसिड जुने होऊन लोखंडाचे प्रमाण वाढले की तो आकडा थोडा खाली यायचा, तेव्हा मी इन्हिबिटरची मात्रा वाढवायचे. दोन-तीनदा वाढवली होती. आकडा पुन्हा वर यायचा आणि मला समाधान वाटायचे.

चौकशीची सुरुवात मी त्या लॉटच्या कार्डापासून केली. कार्डावरच्या नोंदी स्वच्छ होत्या. ॲसिडाची तीव्रता, बुडवण्याचा वेळ, मुलाम्याची जाडी, भट्टीत तापवण्याचे तास, सगळे भरलेले होते. फक्त कोपऱ्यात पेन्सिलीने ‘रिवर्क’ असा शेरा होता. म्हणजे हा माल एकदा मुलामा देऊन झाला होता, तपासणीत नापास झाला होता, जस्त काढून टाकून त्याला दुसऱ्यांदा मुलामा देण्यात आला होता. नापास का झाला ते तपासणीच्या वहीत सापडले. मुलाम्यावर डाग होते आणि काही ठिकाणी जस्त पापुद्र्यासारखे सुटत होते. मी मागची पाने उलटली. अशी नापसंती पूर्वी क्वचित दिसायची, आणि नवा इन्हिबिटर आल्यानंतरच्या आठवड्यांत, विशेषतः मी मात्रा वाढवल्याच्या तारखांनंतर, ती वारंवार दिसत होती.

त्या दोन वह्या शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले होते. इन्हिबिटरचा थर पोलादाला जितका घट्ट चिकटतो तितका तो ॲसिडाला चांगला अडवतो, आणि तितकाच तो नंतरच्या धुण्यात निघत नाही. पाण्याच्या दोन टाक्यांतून काढलेल्या बोल्टवर तो अदृश्यपणे राहिला होता आणि जस्ताला पोलादाशी थेट जोड मिळत नव्हता. मी वाढवलेली मात्रा म्हणजे मुलाम्यावर पडलेले डाग होते, आणि डागांमुळे माल पुन्हा ॲसिडात गेला होता. विभागातील माणसांनी नियमाप्रमाणेच केले होते. जस्त काढायचे तर पिकलिंगच्याच ॲसिडात बुडवायचे, असे पूर्वापार चालत आले होते, आणि त्या टाकीत इन्हिबिटर असल्यामुळे पोलादाला धक्का लागत नाही असे मीच सर्वांना सांगितले होते.

तुकड्यांची तपासणी करून देणारे धातुशास्त्रज्ञ वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा बरेच मोठे होते. मी त्यांच्यापुढे माझी वही ठेवली आणि ९७ टक्क्यांचा आकडा दाखवला. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि विचारले, “हा आकडा पोलाद किती विरघळलं ते सांगतो. हायड्रोजन किती आत गेला हे तुम्ही कुठे मोजता?” मी म्हणाले, “सर, पोलाद विरघळलं नाही तर हायड्रोजन येणार कुठून?” त्यांनी एक कागद ओढला आणि जस्ताचा थर अर्धवट निघालेल्या बोल्टचे चित्र काढले.

त्या चित्रातून त्यांनी जे सांगितले ते मला रसायनशास्त्राची पदवीधर म्हणून आधीच सुचायला हवे होते. ॲसिडात जस्त विरघळते तेव्हा ते इलेक्ट्रॉन मोकळे करते. जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटणे अवघड असते, लोखंडाच्या पृष्ठभागावर ते बरेच सोपे असते. त्यामुळे थर जिथे निघाला त्या उघड्या पोलादाकडे इलेक्ट्रॉन धाव घेतात आणि हायड्रोजन तेथे तयार होतो. पोलाद या घटात ऋणाग्र होते, म्हणून ते स्वतः जवळजवळ विरघळतच नाही. वजनकाट्यावर ठेवले तर घट शून्याच्या आसपास येईल आणि माझ्या वहीत इन्हिबिटरला पूर्ण गुण मिळतील. आणि त्याच मिनिटांत बोल्टच्या गळ्याशी, आट्यांच्या तळाशी, सर्वत्र हायड्रोजनचे अणू जन्माला येत असतील. टाकीत दिसणारा तो जोरदार फेस प्रत्यक्षात बोल्टवरचाच हायड्रोजन होता, आणि फेस जोराचा आहे म्हणजे जस्त लवकर निघते आहे असे समजून आम्ही त्यावर खूश होत होतो.

पृष्ठभागावर तयार झालेला हायड्रोजनचा अणू एकटा असतो. दोन अणू भेटले की रेणू होतो, बुडबुडा होतो आणि निघून जातो. रेणू पोलादात शिरू शकत नाही, पण सर्वांत लहान असलेला हा अणू शिरू शकतो आणि लोखंडाच्या जाळीतून नेहमीच्या तापमानालाही फिरू शकतो. किती अणू बाहेर जातील आणि किती आत शिरतील हे त्यांची एकमेकांशी गाठ किती लवकर पडते यावर ठरते. ती गाठ पडू न देणारे पदार्थ आहेत. हायड्रोजन सल्फाइड, आर्सेनिक, अँटिमनी, सेलेनियम, सायनाइड हे त्यांतील ओळखीचे. अणूंना जोडी मिळत नाही, ते पृष्ठभागावर साचतात आणि आत जाण्याचे प्रमाण वाढते. थायोयुरिया ॲसिडात हळूहळू फुटते आणि तिच्यातून हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. थोड्या मात्रेत ती धातूलाही वाचवते आणि हायड्रोजनचा शिरकावही कमी करते, परंतु मात्रा वाढली आणि टाकी जुनी झाली की वजनातील घट कमीच दिसत राहते आणि शिरकाव मात्र वाढू लागतो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे मी मात्रा वाढवल्याच्या तारखा येत होत्या.

मला स्वतः पाहायचे होते. मोठी उपकरणे नव्हती, म्हणून साधी पद्धत निवडली. कठीण केलेल्या स्प्रिंग पोलादाच्या दोन मिलिमीटर जाडीच्या तारेचे सारख्या लांबीचे तुकडे कापले. पहिल्या गठ्ठ्याला ॲसिड दाखवलेच नाही. दुसरा साध्या हायड्रोक्लोरिक ॲसिडात, तिसरा अमाइन वर्गाच्या इन्हिबिटरसह, चौथा थायोयुरियाच्या आमच्या चालू मात्रेसह वीस मिनिटे ठेवला. पाचव्या गठ्ठ्याला आधी जस्ताचा मुलामा देऊन, भट्टीत तापवून आणि दोन आठवडे ठेवून मग चौथ्या गठ्ठ्याच्याच ॲसिडात जस्त उतरवले. प्रत्येक तार बाहेर काढून, धुऊन लगेच पाचरीच्या कडेवर काटकोनात इकडून तिकडे वाकवायची आणि तुटेपर्यंतच्या वाकवण्या मोजायच्या, इतकेच काम होते.

ॲसिड न लागलेली तार नऊ ते अकरा वेळा वाकून तुटली. साध्या ॲसिडातील तीन-चार वेळांत गेली. अमाइनच्या इन्हिबिटरमधील सहा-सातपर्यंत टिकली. थायोयुरियातील तारांची वजनातील घट सर्वांत कमी होती आणि त्या दोन-तीन वाकवण्यांत तुटल्या, म्हणजे इन्हिबिटर नसलेल्या ॲसिडापेक्षाही वाईट. पाचव्या गठ्ठ्यातील पहिली तार मी पाचरीवर धरून नेहमीसारखा जोर लावला आणि ती काटकोनापर्यंतही न जाता काचेच्या कांडीसारखी टणकन मोडली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. हातात राहिलेल्या तुकड्याचे वजन, जस्त वजा केले तर, मुळापेक्षा नगण्य कमी होते. माझ्या कार्यक्षमतेच्या सूत्रात तो आकडा घातला असता तर तो त्या दिवसाचा सर्वोत्तम निकाल ठरला असता.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी केली आणि ती अजूनही नव्या मुलांना दाखवते. जस्त उतरवलेली एक तार कोमट हवेने पूर्ण वाळवली, कारण पाण्याचा अंश राहिला तर त्याच्या वाफेचे बुडबुडे फसवतात. काचेच्या भांड्यात स्वच्छ पातळ पॅराफिन तेल १५० अंशांपर्यंत तापवले आणि तार त्यात सोडली. पहिले काही क्षण काहीच झाले नाही. नंतर तारेच्या अंगावर टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक असे बुडबुडे उमटले, जागच्या जागी फुगले आणि एकामागोमाग एक सरळ रेषेत वर निघाले. काही ठिकाणी तर एकाच बिंदूतून मण्यांची माळ ओढल्यासारखी रेघ बराच वेळ चालू होती. शेजारी सोडलेली ॲसिड न लागलेली तार शांत होती. जो हायड्रोजन माझ्या वहीत कोठेच नव्हता तो माझ्या डोळ्यांसमोर पोलादातून बाहेर पडत होता.

नंतर वाचताना कळले की ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी अशीच साध्या साधनांनी पाहिली गेली होती. १८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते की, काही मिनिटे ॲसिडात ठेवलेल्या लोखंडाची चिवटपणा आणि लांबण्याची क्षमता कमी होते, ताज्या तुटलेल्या जागेला ओल दिली तर तिच्यावर फेस येतो, आणि काही काळ ठेवून दिले तर लोखंड पुन्हा पूर्वीसारखे होते. कारण हायड्रोजन आहे हेही त्यांनी ओळखले होते. माझ्या दुसऱ्या गठ्ठ्यातील राखून ठेवलेल्या तारा चार दिवसांनी वाकवल्या तेव्हा त्याही आठ-नऊ वाकवण्यांपर्यंत परत आल्या होत्या. उघड्या पोलादातून हायड्रोजन स्वतःहून निघून जातो. साध्या मऊ पोलादाच्या पत्र्यांना आणि पट्ट्यांना म्हणूनच पिकलिंगनंतर सहसा काही होत नाही. त्यांना त्रास होतो तो वेगळ्या प्रकारचा. पत्र्याच्या आत लाटताना राहिलेली चीर किंवा मळीचा थर असेल तर अणू तेथे पोचून रेणू होतात, मोठ्या झालेल्या रेणूला परतीची वाट नसते, आणि दाब वाढून पत्र्यावर फोड येतो. जास्त वेळ गंधकाम्लात राहिलेल्या पत्र्यावरचे असे फोड मी नखाने दाबून पाहिले आहेत, ते नाण्यासारखे टणक लागतात.

आमच्या बोल्टांना ती सुटकेची वाट राहिली नव्हती. जस्त उतरवल्यावर तासाभरात त्यांच्यावर पुन्हा जस्त चढले होते. चकचकीत, घट्ट विणीच्या जस्तातून हायड्रोजन फार सावकाश जातो, त्यामुळे आत शिरलेले अणू जणू झाकण लावून कोंडले गेले. मुलामा देतानाही बोल्ट ऋणाग्राला जोडलेला असल्यामुळे त्यात आणखी भर पडली होती. हा हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी मुलाम्यानंतर भट्टीत तापवले होते, पण कार्डावर फक्त तास लिहिलेले होते, वेळ लिहिलेली नव्हती. भट्टीची वही काढली तेव्हा दिसले की तो लॉट संध्याकाळी मुलाम्यातून निघाला होता आणि भट्टी रिकामी नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी आत गेला होता. तापवणे मुलाम्यानंतर चार तासांच्या आत सुरू व्हावे असा दंडक आहे, कारण तोपर्यंत हायड्रोजन अजून मोकळा, फिरता असतो. त्यातही आमचा लॉट फक्त चार तास आत होता.

बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनीच का तुटले याचेही उत्तर या फिरण्यातच आहे. आवळलेल्या बोल्टमध्ये ताण सगळीकडे सारखा नसतो. डोक्याखालच्या गळ्याशी आणि नटात शिरणाऱ्या पहिल्या आट्याच्या तळाशी तो सर्वाधिक असतो. तेथे धातूची जाळी ताणलेली असते, आणि विखुरलेले अणू त्या ताणलेल्या जागेकडे हळूहळू जमा होतात. अशा गर्दीच्या ठिकाणी कणांच्या सीमा धरून ठेवणारे बळ कमी पडले की बारीक तडा उघडतो, त्याच्या नव्या टोकाशी पुन्हा ताण आणि पुन्हा गर्दी, असे तो पुढे सरकतो. सगळी गोष्ट वेळेची असते, म्हणून झटक्यात ताणून तोडण्याच्या नेहमीच्या यंत्रावर असा बोल्ट उत्तीर्णही होऊ शकतो. आमच्या तुटलेल्या बोल्टांची कठीणता रॉकवेल सी या मापावर ४३ भरली. १२.९ प्रतीची मर्यादा ३९ ते ४४ आहे, म्हणजे माल नियमात होता, परंतु त्या मर्यादेच्या वरच्या टोकाला होता. पोलाद जितके कठीण तितका त्याला हा धोका जास्त. आयएसओ ४०४२ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत विकर्स या कठीणतेच्या दुसऱ्या मापावर ३९० च्या वरच्या कठीणतेसाठी विशेष काळजी सांगितली आहे, त्याचे कारण हेच आहे.

उरलेला सगळा लॉट परत आणून आम्ही पुन्हा तापवावा असे विभागात काहींचे मत होते. मी त्याला ठाम नकार दिला. तापवल्याने हायड्रोजन निघतो, उघडलेला तडा बुजत नाही, आणि आवळून ठेवलेल्या कोणत्या बोल्टमध्ये तडा सुरू झाला आहे हे बाहेरून कळत नाही. लॉट भंगारात गेला. ग्राहकाच्या यंत्रांतून ते बोल्ट एकेक करून काढताना आमचे दोन जण तेथे हजर होते आणि काढताना आणखी एक तुटला.

त्यानंतरचे बदल सांगायला थोडे आहेत, करायला बरेच महिने लागले. कठीण मालाची खपली आता बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्याने काढतो आणि ॲसिडात तो फक्त मुलाम्यापूर्वी पृष्ठभाग जागा करण्यापुरता, मोजक्या सेकंदांसाठी जातो. त्या छोट्या टाकीत गंधक असलेला इन्हिबिटर घालत नाही. विजेच्या साह्याने तेलकटपणा काढताना बोल्ट ऋणाग्राला जोडायचे, ते आता धनाग्राला जोडतो, म्हणजे त्याच्यावर हायड्रोजनऐवजी ऑक्सिजन सुटतो. नापास झालेल्या कठीण मालाचे जस्त ॲसिडात उतरवणे पूर्ण बंद आहे. ज्या ग्राहकांना चालते त्यांना मी विजेने मुलामा देण्याऐवजी जस्ताच्या पापुद्र्यांचा लेप सुचवते. तो बुडवून आणि भाजून बसतो, त्यामुळे लेप चढवताना हायड्रोजन तयारच होत नाही. मुलामा द्यायचाच असेल तर भट्टी आधी राखून मगच माल टाकीत जातो, आणि तापमान १९० ते २२० अंशांत, कठीणतेप्रमाणे चोवीस तासांपर्यंत ठेवले जाते. जस्तावर दिला जाणारा पातळ संरक्षक थर, म्हणजे रंगीत पॅसिव्हेशन, त्यानंतर, कारण तो थर भट्टीची उष्णता सोसत नाही.

साध्या मऊ पोलादासाठी इन्हिबिटर आजही वापरते आणि त्याच्याविषयीचा माझा आदर कमी झालेला नाही. मात्र मात्रा वाढवण्यापूर्वी ॲसिडातील लोखंड मोजते, आणि ते मर्यादेबाहेर असेल तर ॲसिड बदलते. वजनाच्या चाचणीशेजारी तारेची वाकवण्याची चाचणीही प्रत्येक आठवड्याला होते. दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहिले जातात आणि वाकवण्या घटल्या तर वजनाचा आकडा कितीही चांगला असला तरी टाकी थांबते. कठीण बोल्टांच्या प्रत्येक लॉटमधून नमुने काढून ते जाड पट्टीत आवळून ४८ तास ठेवतो आणि मध्ये एकदा पुन्हा आवळतो. पट्टी माझ्या खोलीच्या भिंतीलगत आहे. पहिल्या काही आठवड्यांत मी सकाळी आल्यावर दिवा लावण्यापूर्वी तिच्याखालची फरशी पाहायचे.

लॉटच्या कार्डावर दोन रकाने नवीन आहेत. एकात माल टाकीतून बाहेर आल्याची वेळ आणि दुसऱ्यात भट्टीचे दार बंद झाल्याची वेळ, दोन्ही शाईने, लिहिणाऱ्याच्या सहीसह. दोन वेळांतील अंतर चार तासांपेक्षा जास्त असेल तर तो लॉट लाल पेटीत जातो, आणि त्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते.